एक रिकामा कप

कप अजून माझ्या टेबलावर आहे. कागदी, काठाला लिपस्टिक लागलेला. साहित्यविश्वाकडून मला आजवर मिळालेली ही एकमेव वस्तू.

लेखकांच्या एका परिषदेत 'एजंटला भेटा' असा कार्यक्रम होता. एजंट म्हणजे लेखकाचं पुस्तक प्रकाशकाला विकून देणारा मध्यस्थ. नवोदिताला १० मिनिटं. मी माझी कादंबरी घेऊन रांगेत उभा राहिलो. पुढे जाड फाइल घेतलेले एक गृहस्थ.

"पहिलीच का?" प्रसूतिगृहाबाहेर विचारतात तशा सुरात त्यांनी विचारलं.

"हो, पहिलीच."

"वजन?"

"१,९०,००० शब्द."

त्यांनी डोळे मिटले. "पहिलटकराला ८०-९० हजार पुरे. फार तर लाख. वरचे काढा."

जणू सदऱ्यावरचं सूत काढायचं होतं! मग त्यांनी फाइल उघडली. तिच्यात १४ वर्षांचे नकार प्रतवारीने लावलेले होते. आधी छापील नकार, मग नावानिशी आलेले. शेवटी, 'पुढचं काही लिहिलंत तर जरूर पाठवा' असा एकच, तो लॅमिनेट केलेला. मागे प्लास्टिकचे बरेच कप्पे रिकामे, प्रत्येकावर फक्त तारीख.

"यांची उत्तरंच आली नाहीत," ते म्हणाले. "पण जागा ठेवावी लागते."

एजंट शोधायचा कसा, तेही त्यांनी सांगितलं. आपल्या जातकुळीच्या कादंबऱ्या घ्यायच्या आणि ऋणनिर्देश वाचायचा. लेखक तिथे एजंटचे आभार मानतो. "मी कादंबऱ्या हल्ली मागूनच वाचतो. बऱ्याचदा तिथेच थांबतो." पत्र एक पानाचं. त्यात गोष्ट, शब्दसंख्या आणि याच एजंटकडे का आलात ते. आईला कादंबरी फार आवडली, हे लिहायचं नाही. (माझ्या पत्रात आई दुसऱ्याच ओळीत होती.) प्रकरणं मागतील तेवढीच पाठवायची. आणि वाचण्याचे पैसे आधी मागणाऱ्यापासून पळायचं. खरा एजंट पुस्तक विकलं गेल्यावर साधारण १५ टक्के घेतो, परदेशी हक्कांवर बहुधा २०. एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये ए. पी. वॉट यांनी हा धंदा रुळवला तेव्हा दर १० टक्के होता. म्हणजे एजंटचा हिस्सा दीडपट झाला आणि माझे शब्द निम्मे करायचे.

"आता दोन वाक्यांत गोष्ट सांगा." त्यांनी मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं.

"एक माणूस घरी परत येतो..."

"कुठून?"

"ते तिसऱ्या भागात कळतं."

"एजंटला तिथवर पोचवणार कोण? तुम्ही?"

मला राग आला, कारण त्यांचं बरोबर होतं. पण दोन वाक्यांत मावत असती तर चार वर्षं मी काय करत होतो? आणि 'आवडलं नाही तर उत्तर येणार नाही' हा कुठला शिष्टाचार? दात उपटणारासुद्धा शेवटी 'झालं' म्हणतो. ढिगाने पत्रं येतात, मान्य. पण 'नाही' हा दोन अक्षरी शब्द आहे, त्यात काटछाटही करावी लागत नाही.

गृहस्थ आत गेले आणि त्यांनी स्वतःच्या १० मिनिटांबरोबर माझीही ७ वापरली. त्यांचं स्टॉपवॉच बाहेरच्यांसाठीच असावं. मग मध्यंतर जाहीर झालं. एजंट बाई बाहेर आल्या. वाटेत गाठू नये हे मला नुकतंच शिकवलं गेलं होतं, तरी मी पुढे झालो. "नमस्कार, माझी कादंबरी..."

त्या गोड हसल्या. हातातला रिकामा कप माझ्या हातात ठेवला, "थँक्यू" म्हणाल्या आणि गेल्या.

मी म्हणालो, "काही हरकत नाही."

हे 'काही हरकत नाही' मला अजून झोपू देत नाही.

गृहस्थ मात्र खूश. "प्रत्यक्ष संपर्क झाला! पत्राची सुरुवात त्यानेच करा. 'परिषदेत आपली भेट झाली होती.' खोटं आहे का?"

खोटं नव्हतं. त्याच रात्री पत्र पाठवलं, आईला वगळून. निघताना त्यांनी फाइलमधला एक कोरा कप्पा काढून दिला होता. तो कपाशेजारी ठेवलाय. तारीख घातली आहे.