एकराच्या हजाराव्या हिश्श्याची शेती

कोल्हापुरात गच्चीवर भाजी लावणं अवघड नाही. ती एकट्यानं लावणं अवघड आहे. इथं दर दुसऱ्या माणसाचं गावाकडं शेत असतंय, आणि ज्याचं नसतंय त्याच्या मेव्हण्याचं असतंय. मृग लागायच्या सुमारास आमच्या जिन्यातून रंगाच्या रिकाम्या बादल्या वर गेल्या आणि मागोमाग खालच्या मजल्यावरचे तात्याही वर आले.

"काय करालाय हे?"

"भेंडी लावतोय, तात्या."

"ऊस लावायचा की. एकदा लावला की बघायला नको."

पहिला वाद मातीवरून झाला. तात्या काळ्या मातीचे, समोरच्या काकू तांबड्या मातीच्या. तांबड्या-पांढऱ्यावर हे गाव एका पंगतीत बसतं, तांबड्या-काळीवर मात्र सरळ दोन तट पडले. मी कोकोपीटचं नाव काढलं आणि दोन्ही तट एक होऊन माझ्यावर आले. नारळाच्या शेंडीचा भुसा पैसे देऊन आणणारा माणूस त्यांनी पहिल्यांदाच बघितला होता.

मग खत. आमच्या गावाला ताजेपणाचं भारी वेड. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर म्हशीची धार डोळ्यांदेखत काढून घेतील, ग्लास कोमट लागला तरच दूध खरं. शेणाचा मामला नेमका उलटा. ते कुजून, वाळून, हातात भुगा होईल इतकं जुनं लागतं. ताजं घातलं तर कुजताना तापतं आणि रोपाच्या मुळ्या भाजून काढतं. हे म्हशीवाल्या मित्राला कोण सांगणार? तो मोपेडच्या पायाशी पोतं ठेवून सकाळी दारात उभा. पोत्यातून वाफ निघत होती.

"आत्ताचं हाय, भावा!"

"अरे, जुनं पाहिजे होतं मला."

त्याचा चेहरा पडला. "पाव्हण्याला शिळं द्यायची आमच्यात पद्धत न्हाई."

पोतं ठेवून घ्यावं लागलं. पुढचे काही आठवडे जिन्यात भेटणारा प्रत्येक जण आधी नाकाला रुमाल लावायचा आणि मग नमस्कार करायचा.

तात्यांचा सल्ला मात्र नेहमी एकरात. "एकरी दोन पोती युरिया टाका, मग बघा!" एक एकर म्हणजे 43,560 चौरस फूट. माझी शेती पाण्याच्या टाकीला वळसा घालून कशीबशी चव्वेचाळीस. म्हणजे एकराचा हजारावा हिस्सा. युरियाचं पोतं 45 किलोचं, दोन पोत्यांचे झाले 90 किलो, भागिले हजार: 90 ग्रॅम. हिशेब इतका चोख जमला की लगेच स्वयंपाकघरातला काटा काढला. पण घरातल्या कृषिमंत्र्यांनी तो हातातून काढून घेतला. "ज्यावर रवा मोजते त्यावर युरिया? शेणाचा वास काय कमी पडला?" युरियाचा विषय तिथंच संपला.

जुलैत पाऊस लागला. त्या दिवसांत सगळं कोल्हापूर पंचगंगेची पातळी विचारत असतं. राजाराम बंधाऱ्यावर इशारा 39 फुटांना, धोका 43 ला. बादलीत ही सोय नाही. इशारा आणि धोका एकदमच येतात. बुडाला पाडलेली भोकं मातीनं बुजली, कोथिंबीर उगवल्या जागी कुजली आणि तात्या छत्री घेऊन वर आले ते भेंडी बघायला नव्हे, स्लॅब गळतो का ते बघायला.

भेंडी तरली. एका सकाळी फूल उमललं होतं: फिकट पिवळं, आत गडद मरून डोळा. संध्याकाळपर्यंत ते पिळवटून मिटलंसुद्धा. पानं उलटून पाहिली तर खाली मावा चिकटलेला आणि त्याच्या राखणीला मुंग्यांची रांग. निंबोळी तेल फवारलं. काकू म्हणाल्या राख टाका, मित्र म्हणाला ताक, तात्यांनी ट्रॅक्टरवरच्या पंपाची चौकशी केली.

भेंडीचा खरा खोडसाळपणा पुढं आहे. ती एकदम लागत नाही. आज दोन, परवा तीन. आणि झाडावर ठेवून वाट बघावी तर दोरखंड होते. म्हणून तोडून फ्रीजमध्ये साठवायची; पण भाजीपुरत्या जमेपर्यंत पहिल्या तुकडीनं मान टाकलेली असते. शेवटी बायकोनं कपिलतीर्थ मार्केटातून पाव किलो आणली आणि तिच्यात आमची मिसळली. जेवताना आई प्रत्येक घासाला विचारत होती, "ह्यातली आपली कुठली?" जी चावता चावत नव्हती ती आपली, हे मुलानं शोधून काढलं.

एक वाटी तात्यांकडं पाठवली. रिकामी वाटी आणायला गेलो तर तात्या फोनवर गावाकडं कुणाला तरी मोठ्यानं सांगत होते, "आवो, भेंडी केलीया की यंदा गच्चीवर! व्हय व्हय, एकरी दोन पोती टाकली, मग का न्हाई येणार?"