बारा वाजेपर्यंत

ज्यांनी कधी वेस्टर्न, म्हणजे जुन्या अमेरिकी पश्चिमेतल्या घोडे-बंदुकांच्या चित्रपटांचा महोत्सव भरवलेला नाही, त्यांना ‘हाय नून’ हा १९५२ सालचा चित्रपट एका शूर मार्शलची, म्हणजे गावचा कायदा राखणाऱ्या अधिकाऱ्याची कथा वाटतो. गेली सहा वर्षे असा महोत्सव भरवणाऱ्या हौशी मंडळींपैकी मी एक असल्यामुळे माझे मत निराळे आहे. ही स्वयंसेवक मिळवण्यासाठी वणवण करणाऱ्या एका संयोजकाची कथा आहे. बंदुका त्यात केवळ प्रेक्षकांच्या सोयीसाठी घातल्या आहेत.

सूड घ्यायला निघालेला फ्रँक मिलर बाराच्या गाडीने येणार, हे कळल्यापासून गॅरी कूपरने रंगवलेला मार्शल विल केन दारोदार फिरून माणसे मागतो आणि जी उत्तरे ऐकतो, त्यांतले प्रत्येक उत्तर मी महोत्सवाच्या आधीच्या आठवड्यात ऐकलेले आहे. केनचा सहकारी आपल्याला मार्शल केले नाही म्हणून रुसून बिल्ला काढून ठेवतो. आमच्याकडे तिकीट खिडकीवर बसायला ज्याला सांगितले, त्याला स्वागत समितीत जायचे असते. केनचा एक स्नेही घरात असूनही बायकोकडून ‘घरी नाहीत’ असे वदवतो. आता मोबाइल आल्यामुळे बायकोला या पापात ओढावे लागत नाही, निळ्या खुणा बंद करून ठेवल्या की भागते. सर्वांत धोकादायक तो, जो आधी उत्साहाने हो म्हणतो आणि मग सहज विचारल्यासारखे विचारतो, “आणखी कोण कोण आहे?” केनलाही असा एक भेटतो. आणखी कोणीच नाही हे कळताच त्याला आपल्या बायकामुलांची आठवण होते. आमच्याकडच्या अशाच एकाला उत्तर देताना मी शेजारी उभ्या असलेल्या आमच्या प्रोजेक्टरवाल्या मुलाकडे बोट दाखवून “ही सगळी मंडळी आहेत की!” असे म्हटले होते. मुलगा एकटाच होता, पण आदरार्थी बहुवचनाचा एवढा उपयोग मला पूर्वी कधी झाला नव्हता.

हा असा हात पसरणारा मार्शल दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स यांना मुळीच रुचला नव्हता. पेशाने शेरिफ, म्हणजे मार्शलसारखाच कायद्याचा रखवालदार असलेल्या माणसाने हौशी लोकांकडे मदत मागत फिरू नये, असे त्यांचे म्हणणे होते आणि त्याला उत्तर म्हणून त्यांनी १९५९ साली ‘रिओ ब्राव्हो’ काढला. त्यात शेरिफ झालेला जॉन वेन हौशी माणसांची मदत नाकारतो. आमच्या मंडळातले सर्वांत ज्येष्ठ सभासद, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, ते कट्टर हॉक्सपंथी आहेत. “हौशी माणसे गोळा करू नका, कामाची माणसे आणा,” असे ते प्रत्येक बैठकीत बजावतात. हॉक्स यांचे चुकले असे मी म्हणणार नाही; मात्र त्यांच्या शेरिफला एकशे वीस खुर्च्या मांडायच्या नव्हत्या. काकांची कंबर खुर्च्या उचलण्याची वेळ आली की धरते आणि ध्वनिक्षेपक हाती आला की सुटते, हेही नोंदवून ठेवायला हवे.

यंदाच्या संकटांची सुरुवात फलकापासून झाली. तो रंगवणाऱ्या तरुणाने भाषाप्रेमाच्या भरात ‘वेस्टर्न’चे ‘पाश्चात्त्य’ केले. परिणामी पहिल्याच दिवशी एका बाईंनी मला विचारले, “यात फ्रेंच प्रेमकथा कोणत्या सभागृहात आहे?” सभागृह एकच असल्याचे सांगून मी म्हणालो, “ताई, यात घोडे आहेत.” त्यांनी क्षणभर विचार केला. “आणि प्रेम?” “असते, पण घोडे आधी.” त्या तिन्ही दिवस पहिल्या रांगेत बसल्या. छापखान्यानेही आपला वाटा उचलला होता. आमच्या छातीवरच्या बिल्ल्यांवर ‘स्वयंसेवक’ऐवजी ‘स्वंयसेवक’ असे छापून आले होते आणि बिल्ले चाळीस असल्यामुळे, म्हणजे स्वयंसेवकांपेक्षा एकतीस जास्त असल्यामुळे, ते पुढची चार वर्षे पुरतील असा आनंद आमच्या सचिवांनी व्यक्त केला.

खरा प्रसंग रविवारी सकाळी घडला. ‘हाय नून’ची लांबी ८५ मिनिटे आहे आणि त्यातला काळ जवळजवळ घड्याळाबरोबर चालतो, कथा सकाळी साडेदहा वाजून गेल्यावर सुरू होते आणि बाराच्या गाडीनंतर लवकरच आटोपते. तेव्हा खेळ बरोबर १० वाजून ३५ मिनिटांनी सुरू करावा, म्हणजे पडद्यावरचे घड्याळ आणि सभागृहाच्या भिंतीवरचे घड्याळ हातात हात घालून चालतील, अशी कल्पना मी बैठकीत मांडली होती. सहा वर्षांत माझी मान्य झालेली ही पहिलीच कल्पना.

हल्ली चित्रपटाची प्रत हार्डडिस्कवर येते आणि ती कुलूपबंद असते. तिची किल्ली, जिला केडीएम म्हणतात, ईमेलने वेगळी येते. ती ठरावीक सर्व्हरवरच लागते आणि ठरावीक वेळेतच लागते. १० वाजून ३० मिनिटांनी आमच्या प्रोजेक्टरवाल्या मुलाने खिडकीतून मला हाक मारली. त्याचा आवाज इतका शांत होता की माझ्या पोटात खड्डा पडला.

“दादा, किल्ली लागत नाहीये.”

“का?”

“तिची वेळ अजून सुरू झालेली नाही. बारापासून आहे.”

दोन देशांच्या घड्याळांचा हिशेब करताना कोणाची तरी गफलत झाली होती. वितरकाच्या कार्यालयात फोन वाजत राहिला. रविवार तेथेही रविवारच होता. ‘बारा वाजणे’ हा वाक्प्रचार मी आजवर शेकडो वेळा वापरला असेन; तो एखाद्या ईमेलच्या जोडपत्रात, मिनिट-सेकंदांसह लिहिलेला मी प्रथमच पाहिला.

पंच्याऐंशी मिनिटे भरून काढायची होती. मी आधी काकांच्या हाती ध्वनिक्षेपक दिला, त्यामुळे त्यांची कंबर तत्काळ बरी झाली. दिग्दर्शक जॉन फोर्ड यांनी १९३९ च्या ‘स्टेजकोच’मध्ये मॉन्युमेंट व्हॅली पहिल्यांदा कशी वापरली आणि पुढे १९५६ च्या ‘द सर्चर्स’मध्ये ॲरिझोना-युटाच्या सीमेवरची तीच दरी टेक्सास म्हणून कशी खपवली, हे त्यांनी चाळीस मिनिटे रंगवून सांगितले. मग ओघात त्यांनी ‘हाय नून’चा शेवटही सांगून टाकला. पहिल्या रांगेतल्या ताई म्हणाल्या, “म्हणजे प्रेम आहे!”

पुढे मुलाच्या लॅपटॉपवरून १९०३ सालचा ‘द ग्रेट ट्रेन रॉबरी’ लावला, कारण तो कुलूपबंद नाही आणि त्यात कोणी बोलत नसल्यामुळे आमच्या ध्वनियंत्रणेची लाजही झाकली जाते. पण तो जेमतेम बारा मिनिटांचा! त्यात एक डाकू थेट प्रेक्षकांवर पिस्तूल झाडतो असे एक दृश्य आहे आणि निर्मात्यांच्या सूचीपत्रकात ते सुरुवातीला किंवा शेवटी, चित्रपट दाखवणाऱ्याच्या मर्जीनुसार जोडण्याची मुभा दिली होती. ती मुभा आम्ही पुरेपूर वापरली. डाकूने सुरुवातीला गोळ्या झाडल्या, शेवटी झाडल्या, आणि बाराला अजून अवकाश आहे असे दिसल्यावर मधेही झाडल्या. नंतर सर्वांनी मिळून भिंतीवरचे घड्याळ पाहिले. पडद्यावर काहीही नसताना एकशे वीस माणसे श्वास रोखून बारा वाजण्याची वाट पाहत आहेत, असा परिणाम साधणे दिग्दर्शक फ्रेड झिनेमन यांनाही जड गेले असते.

बाराच्या ठोक्याला किल्ली लागली. टाळ्या पडल्या. पडद्यावर गॅरी कूपर आले आणि मला भोवळ आली. जुन्या चित्रपटांची चौकट जवळजवळ चौरस असते. ती आजच्या रुंद पडद्यावर ताणून बसवल्यामुळे सडपातळ, उंच कूपर एखाद्या निवृत्त मल्लासारखे दिसत होते आणि त्यांची नववधू ग्रेस केली दारात मावत नव्हती. ते दुरुस्त होईपर्यंत चार मिनिटे गेली. त्या अवधीत एका गृहस्थांनी मला आपुलकीने समजावले की त्या काळी माणसांची प्रकृतीच तशी असे.

त्या दिवसाचे बाकीचे वेळापत्रक अर्थातच कोसळले. पुढचा खेळ सर्जिओ लिओने यांच्या ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’चा होता, म्हणजे पावणेतीन तासांचा. त्याच्या आरंभी तीन बंदूकधारी स्थानकावर गाडीची वाट पाहत दहा-एक मिनिटे नुसते बसून राहतात. एकाला माशी छळते, एकाच्या टोपीवर पाणी ठिबकते. “दादा, एवढे वाट पाहणे वगळले तर?” असे मुलाने काकांच्या देखत विचारले. काकांचा उजवा हात कमरेकडे गेला. यावेळी तो दुखण्यामुळे गेला नव्हता, असा माझा समज आहे.

रात्री शेवटचा प्रेक्षक बाहेर पडला, तेव्हा रिकाम्या सभागृहाच्या मधोमध मी उभा राहिलो. लढाई संपल्यावर विल केन आपला बिल्ला काढून धुळीत टाकतो आणि एक शब्दही न बोलता निघून जातो. मीही बिल्ल्याला हात घातला. त्याची टाचणी सदऱ्यात अडकली होती; ती सोडवेपर्यंत सचिव यादी घेऊन आले आणि म्हणाले, “बिल्ला इकडे द्या, मोजून ठेवायचे आहेत.” दिला. मग त्यांनी कोपऱ्यातला झाडू माझ्या हाती दिला.