बंदूक कव्हय निंघई?

हेरगिरीच्या सिरीज एका बैठकीत संपवणाऱ्या आमच्या जळगाव-भुसावळच्या मंडळींसाठी ही पोस्ट. 'द फॅमिली मॅन' संपली की "अजून असलं काही सांग ना भो" म्हणून मेसेज येतो. मी एखादा संथ सिनेमा सुचवतो आणि थोड्याच वेळात उलट मेसेज हजर: "भाऊ, बंदूक कव्हय निंघई?"

बहुतेक निघणार नाही. निघालीच तर तेव्हा ती नकोशी वाटेल. या सिनेमांतला हेर हा सरकारी नोकर असतो. त्याला फाइल असते, डोक्यावर साहेब असतो, नोकरी जायची धास्ती असते. शत्रू सीमेपलीकडे असला तरी दगा शेजारच्या टेबलावरून होतो. म्हणून मारामारीची वाट बघत बसलात तर कंटाळाल. कोण खोटं बोलतंय ते शोधत बसलात तर पाणी प्यायलाही उठणार नाही.

सवय नसेल तर 'राझी' (२०१८) पासून सुरुवात करा. १९७१ चा काळ, पाकिस्तानी लष्करी अधिकाऱ्याच्या घरात सून म्हणून गेलेली काश्मिरी मुलगी. त्यातली गाणी सोडली तर सगळा ताण घरातल्या घरात आहे. सासरची माणसं चांगली आहेत, हीच खरी पंचाईत.

मग थेट 'टिंकर टेलर सोल्जर स्पाय' (२०११). ब्रिटिश गुप्तचर खात्याच्या अगदी वरच्या वर्तुळात रशियाचा माणूस बसलाय आणि तो शोधायचं काम घरी बसवलेल्या जॉर्ज स्मायलीकडे येतं. स्मायली झालेला गॅरी ओल्डमन सुरुवातीला कितीतरी वेळ तोंडच उघडत नाही. एका प्रसंगात गाडीत मधमाशी शिरते. बाकीचे हात झटकत बसतात, स्मायली शांतपणे काच खाली करतो आणि माशी निघून जाते. माणूस कसा आहे ते कळलं, एक शब्द न बोलता! पुढे दिल्लीत रशियन हेराशी झालेली जुनी भेट तो सांगतो, ती समोरच्या रिकाम्या खुर्चीला उद्देशून. तो रशियन अख्ख्या सिनेमात धड दिसत नाही, पण त्या खुर्चीत तो बसलाय असं वाटायला लागतं.

मूळ कादंबरीकार जॉन ल कॅरे स्वतः त्या खात्यात नोकरी केलेला. कथेमागे रशियाला फितूर झालेल्या किम फिल्बीचं खरं प्रकरण आहे. हा फिल्बी जन्मला आपल्या अंबाल्यात, १९१२ साली. ब्रिटिश गुप्तचर खात्यात वर चढला आणि १९६३ मध्ये बैरूतहून मॉस्कोला पळाला.

रेल्वेत हेड क्लार्क म्हणून रिटायर झालेल्या आमच्या मामांना हा सिनेमा दाखवला. पहिला तासभर ते डुलक्या काढत होते. ड्यूटीच्या रजिस्टरमधलं नेमकं त्या तारखेचं पान गायब आहे म्हटल्यावर ताठ बसले. "रजिस्टरनं पान कोनी फाडं, ते दखा!" मामांना हेरगिरीतलं काही कळत नाही, पण ऑफिस कळतं. तेवढं पुरतं.

'द लाइव्ज ऑफ अदर्स' (२००६) मात्र चुकवू नका. १९८४ चं पूर्व बर्लिन. नाटककाराच्या घरात मायक्रोफोन लावून माळ्यावर बसलेला श्टाझीचा, म्हणजे पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिस खात्याचा, अधिकारी दुसऱ्याचं आयुष्य ऐकत राहतो आणि अहवाल टाइप करतो. या खात्याकडे १९८९ मध्ये सुमारे ९१ हजार पगारी कर्मचारी होते, खबरे वेगळेच. तो अधिकारी झालेल्या उल्रिख म्यूहचा चेहरा जवळजवळ हलत नाही, तरी आत काय ढवळलंय ते दिसतं. माझ्या मते या यादीतला हाच सर्वांत मोठा सिनेमा. वाद घालायचा तर कमेंटमध्ये या.

'द कॉन्व्हर्सेशन' (१९७४) काटेकोर अर्थाने हेरपट नाही, खासगी टेपिंग करणाऱ्याची गोष्ट आहे. एकच वाक्य तो पुन्हा पुन्हा ऐकतो आणि दर वेळी त्याचा अर्थ थोडा सरकतो. हा सिनेमा कानाने बघायचा आहे, त्यामुळे आपल्याकडच्या मे महिन्यात जरा अडचण. कूलर लावला की कुजबुज ऐकू येत नाही, बंद केला की जीव जातो. हेडफोन लावा किंवा रात्री गच्चीवर बघा.

'अ मोस्ट वाँटेड मॅन' (२०१४) फिलिप सीमोर हॉफमनसाठी बघा. हॅम्बुर्गमधल्या एका थकलेल्या जर्मन अधिकाऱ्याचं काम, आणि त्याच्या पाठीमागे चाललेलं आपल्याच मित्रदेशांचं राजकारण. शेवटच्या काही मिनिटांत फोन हातात घेऊ नका. 'द गुड शेफर्ड' लोक सुचवतात, मला तो उगाच ताणलेला वाटला. संथ असणं आणि रेंगाळणं यात फरक आहे.

आणि ज्यांनी 'टिंकर टेलर' पाहिलाय त्यांनी घरभेद्याचं नाव खाली लिहू नका. मागच्या वेळी एकाने लिहिलं होतं, त्याला ब्लॉक केलाय.