‘लाल लघवी म्हणजे उष्णता’ या मेसेजबद्दल खुलासा

इंदूरच्या आपल्या मराठी ग्रुपांवर मेसेज फिरतोय: ‘लघवीत रक्त आलं पण दुखत नसेल, तर ती उष्णता. तपासणीला तुकडा काढला की कॅन्सर पसरतो.’ दोन्ही चूक. न दुखता रक्त जाणं हीच मूत्राशयाच्या कॅन्सरची नेहमीची पहिली खूण. ते अनेकदा आपोआप थांबतं, तिथेच माणूस फसतो. आमच्या काकांच्या उशाशी चार महिने धण्याच्या पाण्याचा तांब्या होता!

मूत्राशय तपासायची दुर्बीण मूत्रमार्गातूनच जाते, पोटावर चीर नाही. तिच्यातूनच गाठ खरवडून तुकडा काढताना मूत्राशयाच्या भिंतीतल्या स्नायूचा अंशही त्यात यावा लागतो. रोग स्नायूत शिरलाय का, यावरच उपचार ठरतात. शिरला असेल तर सहसा आधी केमो, मग मूत्राशय काढणं. निवडक रुग्णांत ते वाचवून केमोसह रेडिएशन. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी तर एकदाच लाल दिसलं तरी युरॉलॉजिस्ट (मूत्रविकारांचा डॉक्टर) गाठावा.