‘जर्मनीत शिक्षण फुकट’ या फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

बारावीचा निकाल जवळ आला की पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश दरवर्षी नव्याने फिरू लागतो. त्याचा आशय थोडक्यात असा: जर्मनीत शिक्षण पूर्णपणे फुकट आहे, ते इंग्रजीतून मिळते, राहण्याखाण्याचा खर्च अर्धवेळ कामातून सहज निघतो आणि पदवी हाती पडताच नोकरी नक्की असते, मग अमेरिका-इंग्लंडवर लाखो रुपये कशाला उधळायचे? पुण्यात मी काही वर्षे जर्मन शिकवते आणि माझ्या वर्गात येणाऱ्यांपैकी निम्मे तरी हा संदेश वाचूनच आलेले असतात. जर्मनीला जाऊ नये असे माझे म्हणणे नाही; मात्र या संदेशातले एकेक विधान अर्धे खरे आहे आणि लोकांचे पैसे बुडतात ते त्याच्या उरलेल्या अर्ध्या भागात.

आधी ‘फुकट’ या शब्दाकडे पाहू. जर्मनीत शिक्षण हा राज्यांच्या अखत्यारीतला विषय असल्यामुळे ‘जर्मनीत शुल्क किती’ या प्रश्नाला देशभर लागू होईल असे एक उत्तर नाही. बहुतेक राज्यांतल्या सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही, फक्त दर सत्राला साधारण 100 ते 400 युरोंची वर्गणी असते, हे खरे आहे. पण बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्य 2017च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला 1,500 युरो घेते आणि श्टुटगार्ट, कार्ल्सरूहे, हायडेलबर्ग ही आपल्याकडे सर्वाधिक ऐकू येणारी नावे याच राज्यातली आहेत. (2015 पासून हे महाराष्ट्राचे भगिनी-राज्य आहे, नात्याची सवलत मात्र शुल्कात मिळत नाही.) बव्हेरियातल्या म्युनिक तांत्रिक विद्यापीठाने 2024च्या हिवाळी सत्रापासून नव्याने प्रवेश घेणाऱ्या अशा विद्यार्थ्यांना मास्टर्ससाठी बहुतेक अभ्यासक्रमांत सत्राला 4,000 ते 6,000 युरो शुल्क लावले. म्हणजे चार सत्रांचे 16,000 ते 24,000 युरो झाले.

यापेक्षा मोठी फसगत दोन शब्दांच्या फरकात दडलेली आहे. गेल्या वर्षी एक वडील मुलाचे प्रवेशपत्र घेऊन आले होते. पत्राच्या तळाशी, अगदी बारीक अक्षरांत, संस्थेच्या नावाखाली ‘श्टाटलिश आनरकांट’ असे छापलेले होते आणि एजंटने त्याचा अर्थ त्यांना ‘सरकारी’ असा सांगितला होता. ‘श्टाटलिश’ म्हणजे शासकीय. ‘श्टाटलिश आनरकांट’ म्हणजे शासनमान्य, आणि ही बिरुदावली खाजगी संस्था मिरवतात. पहिल्या वर्षाचे शुल्क दहा हजार युरोंच्या वर होते आणि ते भरायला सात दिवसांची मुदत दिलेली होती. खाजगी संस्थेत शिकणे गैर नाही, परंतु फुकट शिक्षणाच्या नावाने सुरू झालेला प्रवास तिथे संपतो, तेव्हा मधल्या माणसाचे कमिशन कुठून येते हे विचारायला हवे. जर्मन कुलगुरू परिषदेच्या ‘होखशूलकोम्पास’ या संकेतस्थळावर कोणती संस्था सरकारी आणि कोणती खाजगी, हे दोन मिनिटांत पाहता येते.

‘इंग्रजीतून शिकता येते’ हे विधान मास्टर्सच्या बाबतीत बऱ्याच अंशी बरोबर आहे. बारावीनंतरच्या पदवीला ते लागू पडत नाही, कारण सरकारी विद्यापीठांतले बहुसंख्य बॅचलर अभ्यासक्रम जर्मनमधून चालतात आणि त्यांना साधारण सी-1 पातळीची (सहा पातळ्यांपैकी पाचवी, म्हणजे प्रगत) भाषा लागते. शिवाय आपली बारावी एकटी पुरत नाही: एक तर जेईई ॲडव्हान्स्ड उत्तीर्ण असावे लागते, किंवा इथल्या विद्यापीठात संबंधित विषयाचे एक वर्ष यशस्वीपणे पूर्ण करावे लागते, नाहीतर तिथे ‘श्टुडिएनकोलेग’ नावाचे वर्षभराचे पूर्वतयारीचे शिक्षण घ्यावे लागते, त्याचीही प्रवेशपरीक्षा असते आणि तीही जर्मनमधूनच. भर म्हणून नोव्हेंबर 2022 पासून भारतीयांना व्हिसाच्या अर्जाआधी एपीएस या जर्मन दूतावासाच्या मूल्यमापन केंद्राकडून शैक्षणिक कागदपत्रांची पडताळणी करून घ्यावी लागते, तिचे 18,000 रुपये वेगळे.

अर्धवेळ कामाचे गणित कागदावर जुळते, म्हणूनच ते फसवे आहे. विद्यार्थ्याला वर्षाला 140 पूर्ण दिवस काम करता येते आणि जानेवारी 2026 पासून किमान वेतन तासाला 13.90 युरो आहे. गुणाकार केला तर पंधरा हजार युरोंच्या वर रक्कम दिसते. परंतु व्हिसासाठी ‘श्पेरकोंटो’ या गोठवलेल्या खात्यात 11,904 युरो, म्हणजे दरानुसार बारा-तेरा लाख रुपये, विमानात बसण्यापूर्वीच भरावे लागतात आणि तिथे गेल्यावर त्यातून महिन्याला 992 युरोच हाती येतात. त्यातले साधारण 140-150 आरोग्यविम्याला जातात. म्युनिकमध्ये इतरांसोबत राहायच्या घरातली एक खोली आठशेच्या आसपास पडते. केम्निट्झसारख्या शहरात तीच निम्म्याहून कमी भाड्यात मिळते. कामाचे म्हणाल, तर भाषा न येणाऱ्याला पहिल्या सत्रात मिळते ते बहुधा गोदामात किंवा डिलिव्हरीचे, आणि परीक्षेचे आठवडे कामाच्या पाळ्या पाहून ठरत नाहीत.

परीक्षांबद्दल संदेशात एक अक्षरही नाही, आणि मला सर्वांत जास्त खटकते ते हेच. आपल्याकडे एटीकेटीची सवय असलेला विद्यार्थी ‘राहिला विषय तर पुढच्या वेळी काढू’ या हिशेबाने जातो. जर्मन विद्यापीठांत एका विषयाला सहसा तीन संधी असतात. अनिवार्य विषयात तिसऱ्यांदा नापास झाल्यास विद्यापीठातून नाव कमी होते आणि तोच अभ्यासक्रम देशातल्या दुसऱ्या विद्यापीठातही बहुधा घेता येत नाही. निवास परवाना शिक्षणासाठी दिलेला असल्याने तोही मग अडचणीत येतो. फी माफ असली तरी गेलेली दोन वर्षे माफ होत नाहीत.

राहिली ‘नक्की नोकरी’. पदवीनंतर मिळतो तो नोकरी शोधण्यासाठीचा अठरा महिन्यांचा परवाना. नोकरी आपणच शोधायची असते. ती मिळाली, दोन वर्षे कामाची आणि पेन्शनच्या हप्त्यांची झाली आणि बी-1 पातळीची (सहांपैकी तिसरी) भाषा असली, की तिथल्या पदवीधराला कायम निवासासाठी अर्ज करता येतो. ही वाट खरोखर आकर्षक आहे, तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु तिथल्या कितीतरी अभियांत्रिकी कंपन्या लहान गावांतल्या, मध्यम आकाराच्या आहेत. त्यांच्या बैठका, सूचना आणि जेवणाच्या सुट्टीतल्या गप्पाही जर्मनमधून चालतात. म्हणून चौकशीला येणाऱ्या पालकांना मी आधी देशाविषयी विचारत नाही. मुलगा किंवा मुलगी जायच्या आधी दीड वर्ष रोज दोन तास भाषेला द्यायला तयार आहे का, एवढेच विचारते. बरेच जण यावर ‘तिकडे गेल्यावर शिकेल की’ म्हणतात, आणि त्यांना मी म्युनिकचे भाडे पुन्हा एकदा वाचून दाखवते.