टेबल जसं असेल तसं

दिवाळी अंकाच्या संपादिकाबाईंचा फोन आला तेव्हा मी उजव्या अंगठ्यावरचं वाळलेलं फेव्हिकॉल सोलत होते. सालपट अंगठ्याच्या ठशासकट अखंड निघत होतं, अशा वेळी कुणी मध्ये बोललेलं मला खपत नाही. पण बाईंचं मानधन अजून यायचं होतं.

"मॅडम, यंदा चित्रकारांवर एक विभाग करतोय. तुमच्या प्रेरणांबद्दल 200 शब्द द्या. आणि तुमच्या कामाच्या टेबलाचा एक फोटो. उद्या संध्याकाळपर्यंत. टेबल जसं असेल तसं, अगदी नैसर्गिक." मग जरा थांबून, "म्हणजे, थोडं आवरून."

200 शब्दांचं काही वाटलं नाही. पाऊस, आजीची गोधडी, अंगणातलं प्राजक्ताचं झाड एवढ्यावर मी झोपेतही 200 शब्द लिहीन. (आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे. अंगण नाही.) पण टेबलाचा फोटो खोटा कसा काढायचा? इतर चित्रकारांच्या टेबलांचे फोटो मी पाहिलेत. पांढरंशुभ्र टेबल, त्यावर एक ब्रश, एक कप आणि कोपऱ्यात भोकं पडलेल्या मोठ्या पानांची ती कुंडी. आमच्या सासूबाईंना त्या झाडाला कीड लागलीय असं वाटतं.

माझं टेबल मुळात माझं नाही. ते सहा माणसांचं जेवणाचं टेबल आहे. 2019 च्या दिवाळीत कंदिलांची एक ऑर्डर होती, म्हणून मी ते दोन दिवसांसाठी घेतलं. तेव्हापासून आमच्या घरात सगळे खाली मांडी घालून जेवतात. "मांडी घालून जेवणं पोटाला चांगलं असतं," असं आई (म्हणजे सासूबाई) म्हणतात, पण त्या ज्या सुरात म्हणतात त्याचा पोटाशी संबंध नसतो.

त्यात त्या आठवड्यात मी गडग्याला डोकं लावून बसले होते. लहान मुलांचं पुस्तक, कोकणातली गोष्ट, पान 14, पहिल्या पावसात भिजलेला जांभ्या चिऱ्यांचा गडगा, म्हणजे दगड रचून केलेलं कुंपण. प्रकाशकांचं म्हणणं, "गडगा छान आहे, पण कोरडा वाटतोय." जांभा भिजला की लाल दिसत नाही, तपकिरीही दिसत नाही. त्याच्या आतून काहीतरी उकळून वर आल्यासारखं वाटतं. तांबूस तपकिरी बर्न्ट सिएना घेतला, त्यात निळा अल्ट्रामरीन घातला, राखाडी झाला. लाल वाढवला तर वीटभट्टी, पिवळा वाढवला तर शिरा. कागदाच्या अकरा पट्ट्या रंगवून झाल्या होत्या आणि त्या अकराही कोरड्या होत्या.

तर सकाळी दहाला आवरायला घेतलं. आई मदतीला आल्या, म्हणजे खुर्ची घेऊन समोर बसल्या.

सगळ्यात वर ग्लास. माझ्या टेबलावर कायम दोन ग्लास असतात, एक चहाचा आणि एक ब्रश बुडवायचा. मी कधीच चुकत नाही. नवरा एकदा चुकला. घोट घेऊन म्हणाला, "आलं कमी पडलंय." त्यानंतर आठवडाभर मी चहात आलं ठेचून घालत होते, अपराधी भावनेनं.

मग रंगांच्या ट्यूबा. आईंना प्रत्येक रंग कशापासून होतो ते जाणून घ्यायचं असतं, कारण सोवळ्याओवळ्याचा प्रश्न. मी एकदा प्रामाणिकपणा केला. म्हटलं, हा सेपिया पूर्वी माकुलाच्या शाईपासून करायचे, आता कारखान्यात होतो. माकूल म्हणजे मासळी हे कळल्यावर ती ट्यूब देवघराच्या बाजूनं उचलून खिडकीकडे गेली. मग मी समतोल साधायला सांगितलं की पूर्वी इंडियन यलो नावाचा पिवळा रंग होता, तो बिहारात मुंगेरजवळ आंब्याची पानं खाऊ घातलेल्या गाईंच्या मूत्रापासून करायचे. आईंचा चेहरा एकदम खुलला. "मग तो का नाही वापरत तू?" आता तो मिळत नाही हे त्यांना पटलेलं नाही. मी नीट शोधलं नाही असंच त्यांचं मत आहे.

रंगांच्या खाली कागद. आणि कागदाच्या खाली माझ्या आयुष्याची खरी अडचण.

पुण्यात शिवाजीनगरला 1940 साली सुरू झालेली हातकागद संस्था आहे. तिथे सुती चिंध्यांचा लगदा करून त्याचा कागद बनवतात. कॉलेजात असताना मी ते पहिल्यांदा पाहिलं आणि माझं वाटोळं झालं. चिंधीचा एवढा देखणा कागद होत असेल, तर जगात टाकून द्यावं असं काय उरलं? त्या दिवसापासून मी काही टाकलेलं नाही. श्रीखंडाचे डबे, अंड्यांचे ट्रे, साड्यांच्या खोक्यातले पुठ्ठे, शर्टाच्या कॉलरखालची प्लास्टिकची पट्टी, जुने टूथब्रश (रंगाचे शिंतोडे उडवायला यासारखं हत्यार नाही). कुणी विचारलं तर माझं एकच उत्तर असतं, "लागतं."

"ही पत्रिका?" आईंनी एक मखमली लग्नपत्रिका दोन बोटांत धरली.

"लागते. त्यावरची सोनेरी वेल बघा ना."

"अगं, त्यांचा घटस्फोट होऊन दोन वर्षं झाली."

"वेलीचा काय दोष?"

वेल ठेवली, नावं कापून टाकली. आईंना हा तोडगा फारच आवडला. पुढच्या चार पत्रिका त्यांनी स्वतः कापल्या. त्यातली एक पुढच्या महिन्यातल्या लग्नाची होती, हे नंतर कळलं.

त्याखाली एक पितळी पातेलं निघालं, त्यावर आईंच्या अक्षरात चिठ्ठी: ‘खाऊ नये’. हे खळीचं पातेलं. आकाशकंदिलाला पतंगी कागद चिकटवायला मी मैद्याची खळ शिजवते. खळीत चिमूटभर मोरचूद घालतात, म्हणजे झुरळं कागद कुरतडत नाहीत. मोरचूद विषारी असतं. दोन वर्षांपूर्वी मी गार करायला ठेवलेली खळ पाहून आई म्हणाल्या होत्या, "पिठलं पांढरं का झालंय?" आणि चमचा घेतला होता. मी स्वयंपाकघरात कशी उडी घेतली ते आठवत नाही, पण माझ्या आयुष्यातली ती सर्वात चपळ हालचाल होती. पातेलं त्या दिवसापासून माझं झालं. पितळी भांड्यावर डोळा ठेवून मी हे सगळं घडवून आणलं, अशी माझ्या नणंदेला शंका आहे.

दुपारी दोनच्या सुमारास आम्ही मखराच्या थराला लागलो. 2018 साली राज्यात थर्मोकोलवर बंदी आली. निर्णय उत्तम, मी मनापासून त्याच्या बाजूची. फक्त त्या वर्षीपासून सोसायटीच्या गणपतीचं मखर थर्मोकोलवरून पुठ्ठ्यावर आलं आणि पुठ्ठ्यावरून माझ्यावर. मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणालं, "वहिनी आहेत ना! त्यांना काय, पाच मिनिटांचं काम." ही पाच मिनिटं दरवर्षी साधारण अठरा दिवस चालतात. सुतार काकांना कुणी म्हणत नाही की सहज जाता जाता एक कपाट करून टाका, तुम्हाला आवड आहेच. चित्रकाराला मात्र आवड असते, म्हणून पैसे नसतात. सोसायटीनं गेल्या वर्षी मला श्रीफळ दिलं. त्याची करवंटी टेबलावर सापडली. लागते.

मखराच्या कमानीखाली आईंना त्यांचा खजिना मिळाला. चित्रकार दीनानाथ दलालांची जुनी मुखपृष्ठं. ती त्यांनी लग्नाआधीपासून जपून ठेवलेली, मी ‘बघायला’ म्हणून घेतलेली. दलाल मूळचे गोव्याचे, त्यांचा ‘दीपावली’ अंक 1945 पासूनचा. आमच्या आईंच्या पिढीनं बाई कशी दिसावी हे आरशापेक्षा या मुखपृष्ठांत जास्त पाहिलं असावं. त्यांनी एक मुखपृष्ठ माझ्या चित्राशेजारी ठेवलं आणि बराच वेळ दोन्हींकडे बघत राहिल्या.

"दलालांच्या बायकांना डोळे केवढे असायचे! तुझ्या बायकांना नुसते ठिपके."

"आई, आता शैली बदललीय."

"शैली बदलली म्हणून दिसायचं बंद व्हावं का?"

यावर मला उत्तर सुचलं नाही, अजूनही सुचलेलं नाही. त्या रात्री मी गुपचूप एका बाईच्या ठिपक्याला पापण्या काढून पाहिल्या. ती घाबरल्यासारखी दिसायला लागली.

अगदी तळाशी, लाकडाला चिकटून, वामन सापडला. माझ्याकडे सावंतवाडीची दशावतारी गंजिफा आहे. हातानं रंगवलेले गोल पत्ते, दहा अवतारांचे प्रत्येकी बारा, असे 120. नवऱ्यानं लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाला दिलेले. गोलात चित्र कसं बसवावं, हे मी कॉलेजात शिकले नाही इतकं त्या पत्त्यांवरून शिकले. कोपरे नसल्यामुळे चुका लपवायला जागाच नसते. संपादिकाबाईंना खरी प्रेरणा हवीच असेल तर ती ही. पण वर्षभर माझ्याकडे 119 पत्ते होते आणि नेमका वामनाचा एक गायब. दोन पावलांत त्यानं माझं टेबल व्यापलं होतं, तिसरं कुठे ठेवलंय ते कळत नव्हतं. तो फेव्हिकॉलनं टेबलालाच चिकटला होता. पट्टीच्या कडेनं हळूहळू सोडवला. पाताळात मी जाते की काय असं वाटत होतं.

साडेचारला टेबल दिसलं. शिसवी रंगाचं, मध्यभागी गरम कढईचा एक पांढरा गोल डाग. नवरा ऑफिसातून आला आणि दारातच थबकला. "हे सहा जणांचं आहे?" त्यानं टेबलाभोवती एक फेरी मारली. मुलगी त्याखाली जाऊन बसली.

मी त्यावर एक ब्रश ठेवला, एक कप ठेवला, कुंडी म्हणून आईंची तुळस मागितली, त्यांनी दिली नाही. श्रावणातलं आभाळ होतं, उजेड येत-जात होता. सव्वापाचला फोटो काढून पाठवला. दहा मिनिटांत उत्तर आलं: "सुंदर! पण मॅडम, हे जेवणाचं टेबल वाटतंय. कामाच्या टेबलाचा पाठवता का?"

मराठीतला पहिला दिवाळी अंक ‘मनोरंजन’नं 1909 साली काढला. त्यांच्या चित्रकाराकडेही कुणीतरी असंच शेवटच्या संध्याकाळी काहीतरी मागितलं असेल, अशी माझी खात्री आहे. मी फोन उलटा करून ठेवला.

आवरलेलं सगळं सामान आमच्या पलंगावर होतं, त्यामुळे झोपायचं कुठे हा प्रश्न होता, पण जेवायचं कुठे हा नव्हता. आईंनी टेबलावर ताटं मांडली. पाणी ठेवलं. लिंबाची फोड कुठल्या बाजूला वाढायची यावर मुलीला व्याख्यान दिलं. सगळे खुर्च्यांवर जरा अवघडून बसलो, पाहुण्यांकडे आल्यासारखे. मी गडग्याचा कागद मांडीवर घेतला होता, कारण तो ठेवायला घरात जागाच उरली नव्हती. नवरा म्हणाला, "इथे ठेव ना, एवढं टेबल आहे." ठेवला.

आई आमटी वाढत होत्या. आमसुलाची, गोडा मसाला घातलेली, चांगली उकळलेली. पळी माझ्या ताटाकडे येताना वाटेत हलली आणि एक ठसठशीत थेंब पान 14 वर, बरोबर गडग्यावर पडला.

"अगं बाई! पूस, पूस पटकन!"

मी पुसला नाही. थेंब 300 जीएसएमच्या जाड कागदात सावकाश पसरत होता. मध्ये गडद, कडेला तांबूस, आणि आतून काहीतरी उकळून वर आल्यासारखा.

"आई, अजून एक पळी वाढा," मी म्हटलं. "ताटात नको."