ट्रान्सप्लांटनंतर वर्षभराने गोळ्या बंद? कोणी सांगितलं?

किडनी ट्रान्सप्लांट झालेल्यांसाठी एक मेसेज सगळीकडे फिरतोय. त्याचं म्हणणं असं की वर्षभरात शरीर नवी किडनी आपली मानतं, मग शरीराने ती नाकारू नये म्हणून घ्यायच्या, इम्युनिटी दाबणाऱ्या गोळ्या हळूहळू बंद करायच्या, इम्युनिटी वाढवणारे काढे घ्यायचे, त्रास नसेल तर रक्त तपासत बसायचं नाही, आणि डिस्चार्जच्या वेळी जे शिकवतात ते नुसतं घाबरवायला असतं.

पहिलंच सगळ्यात घातक, कारण ऐकायला पटतं. 1954 साली बोस्टनमध्ये डॉ. जोसेफ मरे यांनी केलेलं पहिलं यशस्वी किडनी ट्रान्सप्लांट अशा गोळ्यांशिवाय टिकलं खरं, पण तिथे देणारा आणि घेणारा एकसारखे जुळे भाऊ होते. बाकीच्यांचं शरीर ती किडनी परकी आहे हे विसरत नाही, दहा वर्षं मस्त चाललेली किडनीसुद्धा गोळ्या सोडल्यावर रिजेक्ट होऊ शकते. हां, सुरुवातीला डोस जास्त असतो आणि नंतर डॉक्टर तो कमी करतात, बहुतेक तिथूनच ही अफवा निघाली असावी. पण कमी करणं वेगळं आणि बंद करणं वेगळं ना राव.

काढ्यांचं तर हसावं की रडावं कळत नाही. गोळ्या इम्युनिटी दाबायला घेतोय आणि वरून ती वाढवायला काढा! शिवाय टॅक्रोलिमससारख्या इम्युनिटी दाबणाऱ्या औषधाचं गणित फार नाजूक असतं, ग्रेपफ्रूटने त्याची रक्तातली पातळी वाढते, सेंट जॉन्स वर्ट नावाच्या झाडपाल्याच्या औषधाने ती घसरते. आणि हे फक्त झाडपाल्याचं नाही, क्लॅरिथ्रोमायसिन नावाच्या अँटिबायोटिकने, फ्लुकोनाझोल या बुरशीवरच्या औषधाने पातळी चढते, टीबीवरच्या रिफॅम्पिसिनने उतरते, आयबुप्रोफेनसारख्या पेनकिलरने थेट किडनीलाच त्रास होतो, म्हणून दाताच्या डॉक्टरकडे गेलात तरी आधी ट्रान्सप्लांट झालंय हे सांगायचं.

"त्रास नाही म्हणजे सगळं ठीक" हे किडनीला लागू नाही. रिजेक्शन सुरू झालेलं असतं, क्रिएटिनिन (किडनी नीट चालत नसली की रक्तात साठणारा टाकाऊ पदार्थ) चढत असतं आणि माणूस आरामात जेवतखात असतो. कळतं ते रक्त तपासल्यावरच. यात एक बारीकशी गोष्ट बरेच जण चुकतात, टॅक्रोलिमसची लेव्हल सकाळचा डोस घ्यायच्या आधी बघतात, म्हणजे गोळी खिशात ठेवून लॅबमध्ये जायचं, रक्त दिलं की मग घ्यायची. सवयीने घरीच गिळून गेलात की आकडा फुगलेला येतो आणि त्यावरून डोस ठरवला तर गडबड.

आता शिकवणं. रोज वजन, बीपी, ताप लिहून ठेवा, 38 डिग्री सेल्सिअसच्या वर ताप गेला तर वाट न बघता फोन करा, डोस चुकला तर पुढच्या वेळी डबल घेऊ नका, जिवंत विषाणूंच्या लसी टाळा, उन्हात त्वचा जपा कारण स्किन कॅन्सरचा धोका वाढलेला असतो. यात घाबरवण्यासारखं काय आहे? उलट ज्याला हे माहीत नसतं तोच साध्या सर्दीला घाबरून घरात बसतो. माहीत असलेला माणूस नोकरी करतो, फिरायला जातो. मूलसुद्धा होऊ शकतं, साधारण वर्षभर थांबून, आणि बाईला मायकोफेनोलेट (इम्युनिटी दाबणारं आणखी एक औषध) चालू असेल तर ते डॉक्टरांच्या सल्ल्याने निदान सहा आठवडे आधी बदलून घेऊन.

एक मात्र मान्य, शिकवण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी भंगार आहे. डिस्चार्जच्या गडबडीत, टाके दुखत असताना, घाईघाईने कागद हातात दिला तर कोणाच्या डोक्यात काय राहणार? थोडं थोडं, पुन्हा पुन्हा, घरातल्या माणसाला सोबत बसवून सांगायला हवं. आणि लोक गोळ्या का सोडतात तेही विचारायला हवं. स्टेरॉइडने चेहरा सुजतो, टॅक्रोलिमसने हात थरथरतात, शुगर वाढते, माणूस वैतागतो आणि गुपचूप डोस गाळायला लागतो. तो वैताग डॉक्टरांसमोर बोलून दाखवला तर डोस किंवा औषध बदलता येतं का ते बघतात तरी.